बिनरंगाची घुबडं

हसणार असाल तर आधीच हसून घ्या. मी मुळात सावकाश बोलणारा माणूस. मध्येच कुणी हसलं की माझं वाक्य तिथंच बसकण मारतं आणि त्याला उठवता उठवता चहा गार होतो. झालं हसून? मग घ्या एक घोट, आणि ऐका या म्हाताऱ्याचा पराक्रम.

तसा तो आता आमच्या भाजे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. लेण्यांच्या वाटेवर ताक विकणारी जी आजी बसते ना, ती माझी बायको. रविवारी पुण्याची माणसं लेणी बघून दमून येतात, ताक मागतात, आणि ही त्यांना ताकाबरोबर माझी गोष्टही देते. पैसे फक्त ताकाचे घेते! माणसं पेला तोंडाला लावतात, माझ्याकडं बघतात आणि त्यांच्या नाकातून ताक येतं. म्हटलं, आपलं आपणच सरळ सांगून टाकावं.

माझी सून सुनंदा गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. पोरगी गुणाची. चाळीस कामं करते आणि तोंडातून शब्द नाही. मागं एकदा तिच्याकडं तालुक्याहून सुपरवायझर मॅडम आल्या होत्या. आता त्या आल्या नेमक्या खिचडीच्या वेळेला. पोरं ताटं वाजवत बसली होती. मॅडम उभ्या उभ्या म्हणाल्या, "सुनंदाताई, ही मुलं इथं नुसती खिचडी खायलाच येतात का हो?"

बोलल्या आणि गेल्या. त्यांच्या ते ध्यानातही नसेल. पण त्या दिवशी सुनंदानं मला भात वाढला आणि त्यावर डाळ घालायची विसरली. मी कोराच भात खाल्ला. पोरीच्या डोळ्यांकडं बघितलं आणि मला कळलं, हिच्या काळजात काटा रुतलाय.

मग मॅडम पुन्हा येणार असं कळलं. सुनंदा कामाला लागली. आपल्या भवतीचे पक्षी, असं काहीतरी तिनं पोरांना शिकवायला घेतलं. कावळा झाला, चिमणी झाली, पोपट झाला. आणि मॅडम येतील त्या दिवशी कोण? तर घुबड!

हे नाव ती चुलीपाशी बसून मोठ्यानं बोलली. माझ्या म्हातारीच्या हातातली पळी खाली पडली.

"अगं बया! नाव नगं घेऊ त्येचं! सांजच्याला?"

"आत्या, लक्ष्मीचं वाहन आहे ते."

"लक्षुमी येऊ दे. वाहान बाहेरच ऱ्हाऊ दे!"

आता तुम्ही शिकलेली माणसं, हसाल. पण आमच्या घरात घुबडाला घुबड म्हणत नाहीत. 'ते' म्हणतात. आमची आजी सांगायची, त्याच्यासमोर कुणाचं नाव घेऊ नये. ते नाव शिकून घेतं आणि मग त्या नावानं हाका मारतं. आणि हाक आली म्हणजे जावंच लागतं. आमच्या घरामागं आंब्याच्या ढोलीत एक पिंगळा राहतो. पिंगळा म्हणजे घुबडाचा धाकटा भाऊच समजा, पसाभर जीव. पण आंब्याखाली आम्ही कधी एकमेकांना नावानं हाक मारली नाही. त्याच्याकडं मान वर करून बघितलंही नाही. त्या बाजूला गेलं की खाली मान घालायची आणि सरपण घेऊन यायचं.

म्हातारीला ते सोपंच होतं. तिनं माझं नाव कधी घेतलंच नाही ना! माझं नाव गणपत. लग्नात उखाणा घेताना एकदा तिच्या तोंडून निघालं, ते तेवढंच. अहो, ती गणपतीचंसुद्धा नाव घेत नाही! गौरी-गणपतीत सगळं गाव 'गणपती बाप्पा मोरया' म्हणतं, ही नुसतं 'मोरया' म्हणते.

तर सुनंदा मला म्हणाली, "आबा, उद्या मला वडगावला मीटिंग आहे. चित्रं मी सलीमभाईंच्या मोबाईलवर पाठवलीत. तुम्ही कामशेतला जाऊन तेवढ्या प्रिंटा आणाल? परवा मॅडम येणार. सगळं त्या चित्रांवर आहे, आबा."

"आनतो की," मी म्हणालो. "काळजी करू नगं."

बघा बरं! काळजी करू नको, असं मी म्हणालो होतो.

सलीमभाईचं झेरॉक्सचं दुकान कामशेतच्या बाजारात आहे. त्याचे वडील बाजारात छत्र्या नीट करायचे, तेव्हापासूनची ओळख. माणूस मोठा मायाळू, पण आवाजही मोठा. दुकानात ही गर्दी! मी कोपऱ्यात उभा राहिलो आणि माझा नंबर आल्यावर हळूच म्हणालो, "सुनंदानं पाठवलंय बग. ते... पाखराचं."

"कुठलं पाखरू, आबा?"

"तेच. रातचं."

"वटवाघूळ?"

"न्हाई रं. ते... दुसरं."

"अच्छा, घुबड!" सलीमभाई असा ओरडला की पार रेल्वे फाटकापर्यंत ऐकू गेलं असेल. "अरे आबांची घुबडं काढ रे सगळी!"

दुकानातली सगळी माणसं माझ्याकडं वळली. एका बाईनं तर कडेवरचं लेकरू त्या कडेवरून या कडेवर घेतलं. मी टोपी पुढं ओढली. मशीन घरघरलं आणि आतून एकापाठोपाठ एक कागद येऊन पडायला लागले.

"बघून घ्या आबा, नीट आलंय का."

"नगं, नगं! गुंडाळ. पेपरात गुंडाळ लवकर."

"अहो, एकदा नजर तरी टाका!"

"तुज्यावर इस्वास हाय माजा. गुंडाळ!"

इथंच मी फसलो. तेव्हा धीर करून नुसतं एकदा बघितलं असतं आणि सलीमभाईला विचारलं असतं, तर आज पुण्याची माणसं सुखानं ताक प्याली असती. पण मी गठ्ठा पिशवीत कोंबला, वर मेथीची जुडी ठेवली आणि पेटीत नाग धरून आणावा तसा लोकलमध्ये मळवली स्टेशनापर्यंत मांडीवर धरून बसलो.

घरी आलो, पडवीत बसलो आणि म्हटलं, आता घरचंच कुंपण आहे, आता बघायला हरकत नाही. एक डोळा मिटून गठ्ठा सोडला.

आणि बघतो तर काय!

आत घुबड नव्हतंच! म्हणजे घुबडाची कड होती. गोल डोळ्यांची कड, पंखांची कड, फांदीची कड. पण आत सगळं पांढरं! जसं काही मशीननं नुसती वरची साल काढून दिली आणि गर आपल्याकडंच ठेवून घेतला. दुसरा कागद काढला, तोही तसाच. तिसरा, चौथा. सगळी पोकळ!

"मशीनमदला रंग संपला असंल," म्हातारी लांबूनच म्हणाली. पदर तोंडावर धरला होता, पण डोळे कागदावर होते.

मी सुनंदाला फोन लावला. बंद. मीटिंगमध्ये होती. परत कामशेतला जावं तर दुपारची लोकल नसते. मग आपल्या बटनाच्या फोनवरून सलीमभाईला लावला.

"सलीमभाई, मी भाज्याचा आबा. चित्रात रंगच न्हाई रं!"

"नसतोच, आबा. ताईंनी तसंच पाठवलंय."

"आँ? मंग रंग?"

"रंग नंतर आपला आपण भरायचा! बरं ठेवतो आबा, दुकानात लई गर्दी आहे."

आपला आपण भरायचा! आता सांगा, यात माझं काय चुकलं? पोळ्याला कुंभाराकडून मातीचे बैल आणतो, ते कच्चेच असतात की नाही? घरी आणून आपणच रंगवतो. खऱ्या बैलांची शिंगंही आपणच रंगवतो. मला वाटलं, चित्रांचंही आता तसंच निघालेलं दिसतंय. कच्ची घ्यायची, घरी पक्की करायची. सुनंदा घाईत सांगायला विसरली असणार. आता बिचारी मीटिंगहून दमून येईल, भाकरी थापेल आणि मग एवढी घुबडं रंगवत बसेल? आणि सकाळी मॅडम आल्यावर एखादं कच्चं राहिलं तर?

छे! म्हटलं, हे काम आपलं. आयुष्यात एवढी शिंगं रंगवली, चार घुबडं जड जातील होय?

गोठा रिकामा झाला तरी पोळ्याच्या हिंगुळाचा डबा मी जपून ठेवला होता. टाकवत नव्हता. तो काढला. गेरू काढला. म्हातारीकडून हळद घेतली, चंचीतला चुना घेतला, चुलीतला कोळसा कुटला, कपड्याची नीळ घेतली. शिंगं रंगवायचा कुंचला फार जाडा, म्हणून बाभळीच्या काड्या चावून चावून त्यांचे कुंचले केले. पडवीत पेपर पसरले. पाटावर बसलो. सांगू? बऱ्याच दिवसांनी हाताला काम मिळाल्यासारखं वाटलं.

पहिलंच घुबड समोर घेतलं तर ते चष्मा लावून, डोक्याला चौकोनी टोपी घालून पुस्तकांच्या ढिगावर बसलेलं! मी दोन बुकं शिकलेला. मी त्याला मनातल्या मनात रामराम केला.

म्हातारी जरा जवळ सरकली. "ह्येला चष्मा कशाला? ह्येला तर रातचं बी दिसतं!"

"शिकून डोळं गेलं असतील."

"आनि ह्ये बगा, ह्येच्या डोक्याला रिबीन! बाई हाय वाटतं."

बघता बघता म्हातारी पाटाला पाट लावून बसली. भीती गेली कुठं, काय ठाऊक. गेरू कालवला आणि मी पहिल्या घुबडाच्या पोटाला काडी लावणार, तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

"थांबा. गेरू? ते काळं असतंय."

"तपकिरी असतंय."

"तुमी कवा बगितलंय?"

"तू कवा बगितलंस?"

खरंच की! लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून तो पिंगळा, नाहीतर त्याचा बाप, नाहीतर आजा, आमच्या आंब्यावर राहतोय. आमच्या भिंतीपासून हातभर लांब. आणि तो दिसतो कसा, हे आमच्या दोघांतल्या एकालाही माहीत नव्हतं.

"चुकीचा रंग लागला तर म्याडम सुनंदालाच बोलतील," मी म्हणालो. "बगून येतो."

"अवं, नगा!"

पण मी उठलो. हातात एक कागद घेतला आणि आंब्याखाली गेलो. उन्हं कलली होती. जन्मात पहिल्यांदा तिथं उभं राहून मी मान वर केली.

तो ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसला होता.

काय सांगू! मला वाटलं होतं, काहीतरी काळं, भेसूर असेल. अहो, केवढंसं ते! ओंजळीत मावेल एवढं. अंगाचा रंग पावसानं धुतलेल्या जुन्या लाकडासारखा, आणि त्यावर पांढरे ठिपके, कुणी जात्यावरून उठून तांदळाच्या पिठाचे हात त्याच्या अंगावर झटकावेत तसे. गळ्याला पांढरी पट्टी. डोळ्यांवर पांढऱ्या भुवया, आमच्या आज्याच्या होत्या तशा. आणि ते डोळे! हळदीपेक्षा पिवळे, आणि त्यांच्या मधोमध काळा थेंब. ते डोळे माझ्यावर ठेवून त्यानं मान खाली केली, वर केली, परत खाली, परत वर. जसं काही म्हणत होतं, आलास का? ये. किती उशीर केलास रे!

माझा हात आपोआप छातीवर गेला. एवढं सगळं कुणी केलं असेल? एकेक पीस निराळं, एकेक ठिपका आपल्या जागी. आणि मी खाली मान घालून सरपण नेत होतो. सगळं आयुष्य! तोंड उघडं पडलं ते मिटेचना.

मागून म्हातारीच्या हाका येत होत्या. "अवं! अवं, ऐकलं का?" मला ऐकू येत होतं, पण उत्तर द्यायला जीभ कुठं होती?

तिनं परसात येऊन बघितलं तर काय? नवरा खांबासारखा उभा. हात छातीवर, तोंड उघडं, डोळे वर लागलेले. तिला वाटलं, संपलं! नेलं ह्याला पाखरानं!

आणि ती ओरडली, "गणपत! ए गणपत!"

लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा! आणि तेही कुठं? बरोबर त्याच्या खाली!

पिंगळ्यानं मान फिरवली. मान म्हणजे पार पाठीमागं फिरवली हो, अंग न हलवता! आधी तिच्याकडं बघितलं. मग सावकाश माझ्याकडं बघितलं. नाव ऐकून घेतलं आणि तोंडाशी जुळवून बघितलं.

म्हातारीनं जीभ चावली. दोन्ही हातांनी तोंड दाबलं. "म्या काय क्येलं ह्ये!"

"काई न्हाई व्हत," मी म्हणालो. "नाव ऐकलं त्येनं, तरी मी हितंच उबा हाय. फकस्त हाकेसरशी माजी मान त्येच्यायेवढी फिरत न्हाई."

ती रडत होती का हसत होती, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

मग मात्र मी जी घुबडं रंगवली! विचारू नका. चष्मेवाल्यालाही, रिबीनवालीलाही, सगळ्यांना तोच रंग. गेरूत कोळसा मिसळून जुन्या लाकडाचा रंग आणला. डोळ्यांना हळद. आगकाडीचं टोक चुन्यात बुडवून एकेक ठिपका दिला. म्हातारी वाळवायला ठेवत होती, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कागदांवर खडे ठेवत होती. एक कागद कोरा सुटला नाही. सुनंदा यायच्या आत गठ्ठा होता तसा पेपरात बांधून ठेवला.

"आणलीत, आबा?" तिनं आल्या आल्या विचारलं.

"आनली. उद्या उघडशील तवा बग," मी म्हणालो.

"तुम्ही होता म्हणून, आबा," ती म्हणाली आणि भाकरीला बसली. मी भिंतीला टेकून अंगठ्यानं नखातली हळद काढत राहिलो. आंब्यावरून पिंगळा चिरचिरला की म्हातारी दचकायची. "ऐका! तुमचंच नाव घेतंय!"

दुसऱ्या दिवशी मी धुवट कपडे घालून अंगणवाडीच्या दारात उभा राहिलो. शाबासकी घ्यायला! मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या. पोरं रांगेत मांडी घालून बसली होती, त्यात माझी नात परीही होती. प्रत्येकाच्या मुठीत एकेक रंगीत खडू. हे खडू कशाला वाटले असतील, असा प्रश्न माझ्या डोक्यात आलाही नाही बघा.

"मुलांनो, आज आपण काय रंगवायचं?" सुनंदानं विचारलं.

"घुबाऽऽड!"

तिनं गठ्ठा सोडला. आणि तिचे हात तसेच थांबले.

मॅडम उठल्या. एक कागद उचलला, दुसरा उचलला. दोन्हीवरचे ठिपके बघितले. "सुनंदाताई, हे काय? सगळी रंगवून तयार? मागच्या वेळी मी बोलले म्हणून घरी बसून स्वतः रंगवून आणलीत का? मला मुलांचं काम बघायचंय हो, तुमचं नाही."

सुनंदा पांढरी पडली. अगदी त्या कागदांसारखी, माझा हात लागायच्या आधी होते तशी. आणि मला समजेना, एवढी चांगली घुबडं बघून या बाईला राग का आला?

मी टोपी काढली आणि आत गेलो. "म्याडम, तिनं न्हाई, मी क्येलं. तिला ठावं बी न्हाई. मशीनमदनं रंग आला नव्हता. समदी पोकळ निगाली. म्हनून मी भरून आनली."

"पोकळच असतात ती, आबा! रंगवायचीच असतात ती!"

"व्हय, मंग रंगवली की."

"अहो, पण मुलांनी!"

मी खाली बघितलं. इवल्या इवल्या मुठीत खडू धरलेली ती सगळी पोरं माझ्याकडं बघत होती. लाडवाचा अख्खा डबा एकट्यानं संपवलेल्या माणसाकडं बघतात ना, तशी! आणि परीनं भोकाड पसरलं. "आबांनी समदी घुबडं खाल्लीऽऽ!"

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पोरीच्या काळजातला काटा काढायला गेलो आणि आणखी आत घालून बसलो. मॅडमनी पर्स खांद्याला लावली.

तेवढ्यात परीचं रडं थांबलं. माझ्या एका कागदावर तिनं बोट ठेवलं. "आबा, ह्याच्या अंगावर पीठ का सांडलंय?"

"ते तसंच असतं, बाळा. आपल्या आंब्यावरच्या पिंगळ्यासारखं."

"मला बघायचंय!"

"मला पण! मला पण!" सगळी पोरं उभी.

सुनंदानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मॅडमकडं. आणि काय तिच्या मनात आलं कोण जाणे, म्हणाली, "मॅडम, दोनच मिनिटं. घर इथंच मागं आहे. चला रे, एकमेकांचे सदरे धरा. आवाज नाही करायचा!"

पोरांची आगगाडी आमच्या परसात आली. मागून मॅडम. पिंगळा बसला होता जागेवर. त्यानं मान खाली केली, वर केली. आणि ती सगळी पोरं, जी झोपेतही गप्प नसतात, ती गप्प झाली. नुसती गप्प नाही, त्याच्याबरोबर मान खालीवर करायला लागली! सगळी रांग एका तालात. मी हळूच बाजूला बघितलं तर मॅडमचीही मान खालीवर होत होती.

मला परत आदल्या दिवसासारखं झालं. फक्त या वेळी मी वर नाही, खाली बघत होतो. एवढ्याशा तोंडांमध्ये ते एवढाले उघडे डोळे! एकेक निराळा. वर एक पिंगळा आणि खाली अंगणभर पिंगळे.

मग एक पोरगं कुजबुजलं, "ह्याचं नाव काय?"

म्हातारी दारातून धावली. "गप रं! नावं नगा घेऊ त्येच्या म्होरं! काल म्याच ह्यांचं नाव त्येला सांगून बसलेय!"

"कुठलं नाव?"

"गणपत!" परी ओरडली.

"गणपत!" पोरांनी गलका केला. पिंगळ्यानं गर्रकन मान त्यांच्याकडं फिरवली. मग तर काय! त्यानं हाकेला ओ दिली, म्हणजे नाव त्याचंच. पोरांच्या मनात शंकाच उरली नाही.

अंगणवाडीत परत आल्यावर सुनंदानं माझे सगळे कागद उलटे केले आणि पोरांपुढं कोरी बाजू ठेवली. "आता तुम्ही बघितलेला काढा."

आखलेली कड नाही, काही नाही. पोरं पालथी पडून तुटून पडली कागदांवर. आणि काय एकेक घुबडं हो! एक जांभळं, त्याला सहा पाय. एक हिरवं, चपला घातलेलं. एकाचे नुसते डोळेच, कागदात दुसरं काही मावलंच नव्हतं. परीनं काढलेल्याला पांढऱ्या मिश्या आणि टोपी होती. मी काढलेली सगळी एकसारखी, आणि यांची एकासारखं दुसरं नाही! मी दारात उकिडवा बसून बघत राहिलो. आदल्या दिवशी मी खरंच किती मोठं काय खाऊन टाकणार होतो, ते तेव्हा मला समजलं.

मॅडम जायला निघाल्या, तेव्हा पातेल्यावरचं झाकण उचलून म्हणाल्या, "सुनंदाताई, खिचडी गार झाली हो तुमची. आज कुणी मागितलीच नाही." आणि हसल्या.

त्या दिवशी सुनंदानं मला भात वाढला आणि त्यावर डाळ घातली. मी नको नको म्हणताना आणखी एकदा घातली.

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला, मग यात तुमची फजिती काय राहिली? सांगतो. चहा संपवा.

परीच्या त्या चित्रातलं हे कोण म्हणून सुनंदानं विचारलं, तर सगळी पोरं म्हणाली, "घुबडआबा!" तेव्हापासून गावात मला तेच नाव पडलंय. ज्या घरात ते नाव घ्यायची बंदी होती, त्या घराच्या म्हाताऱ्याला! आणि ढोलीतल्या त्या पिंगळ्याला अख्खं गाव गणपत म्हणतं. म्हातारीचीही भीड चेपली. संध्याकाळी परसात जाऊन लाडानं हाक मारते, "गणपत, ए गणपत!" माझं नाव कधी नव्हे ते तिच्या तोंडून ऐकू येतं म्हणून मी पडवीतून मान वळवतो.

तोही वळवतो. आणि ती त्याच्याशी बोलते.